टाकीत उतरण्याआधीचा कागद

गेल्या महिन्यात शेजारच्या चाळीतल्या एक ताई मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा आय.टी.आय. झालेला, वेल्डर. गोदीत जहाज-दुरुस्तीच्या कामावर एका कंत्राटदाराने बोलावले होते. ताईंनी विचारले, "भाऊ, बोटीचं काम म्हणजे नक्की काय असतं? पाठवू का नको?"

आम्ही हिशेबाच्या टेबलावरचे कारकून. हातात कधी हातोडा धरलेला नाही. पण बरीच वर्षे संध्याकाळच्या वेळी वस्तीतल्या कामगारांचे फंडाचे आणि भरपाईचे अर्ज लिहितो आहोत. त्यातून गोदीची जी ओळख झाली ती ताईंना सांगितली. वाचक बंधू-भगिनींच्या घरातही अशी मुले आहेत, म्हणून इथे लिहितो.

मुलगा म्हणाला, "काका, आता अमेरिकेच्या बोटी पण आपल्याकडं रिपेरिंगला येतात." खरे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये चेन्नईजवळ कट्टुपल्लीला, लार्सन अँड टुब्रोच्या गोदीत, अमेरिकन नौदलाचे 'चार्ल्स ड्रू' हे रसद वाहणारे जहाज आले आणि अकरा दिवस राहिले. अमेरिकन नौदलाचे जहाज दुरुस्तीसाठी भारतात येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे २०२३ मध्ये आपल्या माझगाव डॉकने आणि २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने असाच करार केला. मात्र ही प्रवासातली दुरुस्ती. अमेरिकेत ज्याचे घरचे बंदर आहे अशा नौदलाच्या जहाजाचे पूर्ण ओव्हरहॉल परदेशी गोदीत करायला त्यांचा कायदा सहसा परवानगी देत नाही.

जहाजाचे नाव ऐकून आम्ही मुलाला थांबवले. हे चार्ल्स ड्रू कोण? कृष्णवर्णीय अमेरिकन डॉक्टर, जन्म १९०४ चा. रक्तातला प्लाझ्मा साठवून दूर पाठवण्याची पद्धत त्यांनी बसवली, १९४० साली इंग्लंडला हजारो जखमींसाठी प्लाझ्मा पाठवण्याचे काम सांभाळले. आणि त्यांच्याच देशात सैन्यासाठी रक्त घेताना काळ्यांचे रक्त वेगळे ठेवत! ड्रू यांनी त्याला विरोध केला. आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तर काम. मोठे ओव्हरहॉल आपल्या नौदलाच्या जहाजांचे असते. 'शंकुश' ही पाणबुडी जर्मनीत बांधलेली, १९८६ साली नौदलात आली. तिच्या मोठ्या दुरुस्तीसाठी जून २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी २,७२५ कोटी रुपयांचा करार केला. एका बोटीच्या दुरुस्तीचा हा आकडा! आम्ही बी.कॉम. असूनही शून्ये दोनदा मोजली.

जहाज आधी दारूगोळा आणि तेल उतरवून येते. सुक्या गोदीत खाली नकाशाप्रमाणे ठोकळे मांडलेले असतात. जहाज त्यांच्यावर आणून उभे करतात, दार बंद करतात, पंपाने पाणी उपसतात. पाणी गेले की तळ दिसतो. शिंपले, शेवाळ, गंज. तो खरवडायचा, पाण्याच्या किंवा वाळूसारख्या कणांच्या जोरदार माऱ्याने पत्रा साफ करायचा. मग यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात. जिथे झिजला तिथे कापून नवा जोडतात. इथे वेल्डर लागतो. पंख्याचा दांडा, समुद्राचे पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह, मैलोगणती वायरी, सगळे उघडायचे.

उघडले की काम वाढते. यादीत दहा पत्रे असतात, खरवडल्यावर पंचवीस निघतात. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये 'सिंधुकीर्ती' पाणबुडी २००६ साली गेली ती २०१५ साली बाहेर आली. एवढा उशीर झाला की वरून दट्ट्या येतो. साहेब मॅनेजरला, मॅनेजर कंत्राटदाराला, कंत्राटदार मुकादमाला आणि मुकादम आपल्या पोराला म्हणतो, "चल, उतर पटकन."

उतरायचे कुठे? तर टाकीत. जहाजाच्या पोटात तेलाच्या, पाण्याच्या टाक्या असतात, जेमतेम माणूस शिरेल एवढे तोंड. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाते. बाहेर हवेत तो जवळपास २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला तर उतरायचे नाही. शिवाय गॅस कटिंगची नळी जेवणाच्या सुट्टीत आतच राहिली आणि गळली, तर अ‍ॅसिटिलीन साचते. अडीच टक्के साचले तरी एका ठिणगीचे काम. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या तेल-विहिरी खोदणाऱ्या जहाजावर असाच स्फोट होऊन पाच कामगार गेले.

म्हणून आधी टाकीची हवा तपासतात आणि सही-शिक्क्याचा कागद देतात, त्याला गोदीत गॅस-फ्री सर्टिफिकेट म्हणतात. हा कागद त्या दिवसापुरताच. रात्रभर टाकी बंद राहिली तर पुन्हा तपासणी.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका विधवा बाईंचा भरपाईचा अर्ज होता. नवरा हेल्पर, राहिलेली नळी काढायला उतरला तो वर आला नाही. गोदीचे नाव इथे देत नाही. त्या फाइलमधला कागद आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला. सही होती, शिक्का होता, तारीख आदल्या दिवसाची होती. आम्ही आयुष्यभर तारखा टाकत आलो. त्या रात्री जेवण गेले नाही.

ताईंना आम्ही नको म्हटले नाही. कसब चांगले आहे, वेल्डरला मागणी आहे. मुलाला एवढेच सांगितले की कागदावरची तारीख वाच, टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा आहे का बघ, आणि कुणी आत पडला तर धावत खाली उडी मारू नकोस, वर ओरड. वाचवायला गेलेलाच बऱ्याचदा दुसरा मरतो.

गेल्या शनिवारी तो नाक्यावर भेटला. कामावर लागून आठ दिवस झाले होते. म्हणाला, "काका, कागद मागितला तर मुकादम हसला. साहेब झालास काय, म्हणाला." मग? "मी तिथंच बसून राहिलो. शेवटी आणून दाखवला."

आम्ही विचारले, तारीख?

"त्याच दिवसाची होती."