पाकीट नको, ताट वाढा

राज्य सरकारने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत रोज एक वेळ गरम, चौरस जेवण मिळतं. धाराशिवच्या लेकीसुनांना ते मिळत नाही, कारण जिल्हा आदिवासी क्षेत्रात मोडत नाही. २०१८ मध्ये केंद्राने महाराष्ट्रातले चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमबरोबर आपलं तेव्हाचं उस्मानाबादही होतं. मागासलेपण मोजताना एका यादीत आणि ताट वाढताना वेगळ्या पंगतीत, हे मला मुळीच पटत नाही.

जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबच्या गरोदर बाईच्या हाती अंगणवाडीतून घरी न्यायचं पाकीट पडतं. घरी नेलेलं पाकीट सगळ्या घराचं होतं. थोरलं पोर भुकेलं असताना ते एकटीने खायला कुठल्या आईचा हात धजेल? त्यात ती जेवते सगळ्यांच्या मागून. पोटभर खाल्लं तर पोर मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, ही भीती आपल्या आज्यांनी मायेनेच घातली. दवाखाना कोसावर होता तेव्हा त्या भीतीला कारणही होतं. चारचौघींबरोबर अंगणवाडीत बसून जेवली, तर तिच्या वाट्याचं तिच्याच पोटात जाईल.

पोट भरलं म्हणजे झालं, असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरली. अंगाने किरकोळ, तरी चरबी मात्र टिकून. पुढे मधुमेह जडण्याची वाट अशी पोटातच सुरू होते. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळं भरदार होती. आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. परदेशात राहून साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्यालाही हे जवळचं आहे.

सगळ्यात अवघड गाठ ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नाव गावच्या अंगणवाडीत आणि पोटुशी बाई कारखान्याच्या तळावर. पहाटे फडात जायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, खाडा केला तर पैसे कापले जाणार. म्हणून हंगामात चूल तळावरच पेटली पाहिजे, आणि तिचा खर्च सरकार व कारखाना दोघांनी उचलला पाहिजे.

भाजी कुठून आणायची, असं कुणी विचारेल. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम पाहावं. घरच्या जमिनीतला एखादा एकर बायकांनी हाती घेतला आणि नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी, भाजीपाला पिकवला. संस्थेला २०१६ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. अंगणवाडीने भाजी याच बायकांकडून रोख घ्यावी.

परदेशातल्या आपल्या मंडळाने या दिवाळीचा निधी एका गावातल्या अशा जेवणासाठी द्यावा आणि योजना जिल्ह्याला लागू करण्याची मागणी सरकारकडे लेखी करावी. शेवटच्या तिमाहीची वाट न पाहता नाव नोंदवलं त्या दिवसापासून ताट वाढावं: ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, तांदुळजा किंवा मेथी, शेंगदाण्याची चटणी, एक अंडं. अंडं न खाणारीला वाटीभर दही आणि पेलाभर दूध.