अस्सल आवाज कोणाचा? मेटल, प्रोसेसर आणि मनोरीची फेरीबोट

१/
मालाडहून मार्वे, मार्व्याहून फेरीबोट, आणि खाडी ओलांडली की मनोरी. कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचे हे गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, तरी तिथला जवळचा रस्ता आजही पाण्यावरून जातो. मेटल वाजवणाऱ्या गिटारवादकाने कार्यक्रमासाठी या बोटीत काय घेऊन चढावे, या साध्या प्रश्नामागे एका संगीतप्रकाराचा इतिहास आहे आणि एक हट्टी गैरसमजही. #थ्रेड

२/
गैरसमज असा की मेटलचा ‘अस्सल’ आवाज व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधूनच येतो. मल्टी-इफेक्ट्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते ‘प्रोसेसर’ म्हणतात ते यंत्र, ही त्याची स्वस्त नक्कल. १०० वॉटचा हेड सुमारे २० किलोंचा, चार स्पीकरांची कॅबिनेट ३५ किलोंच्या आसपास. २०१६ साली आलेला बॉस जीटी-१ हा प्रोसेसर १.३ किलोंचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. जड ते अस्सल, हलके ते नकली, असा हा न्याय आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

३/
ज्याला अस्सल म्हणतात त्याची वंशावळ पाहावी. लंडनमध्ये १९६२ साली घडलेला मार्शलचा पहिला अँप्लिफायर, जेटीएम४५, हा अमेरिकन फेंडर बासमनच्या मंडलावर बेतलेला होता. आयात केलेला फेंडर ब्रिटिश वादकांना परवडत नव्हता, म्हणून स्थानिक सुट्या भागांतून त्याची आवृत्ती तयार झाली. ज्या मार्शलच्या नावाने नकलेची निंदा होते, तो स्वतःच एक नक्कल म्हणून जन्मला.

४/
आता या संगीताच्या मूळपुरुषाकडे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच जखमी झाला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, गिटारवर बँजोच्या हलक्या तारा चढवल्या, पुढे तारांचा ताण कमी करून सूरच खाली उतरवला. ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज तडजोडीतून घडला आहे.

५/
तिसरा दाखला जपानी. बॉसचा एचएम-२ हा डिस्टॉर्शन पेडल १९८३ साली आला आणि १९९१ साली बंद झाला. स्टॉकहोममधल्या तरुणांनी त्याची चारही बटणे शेवटपर्यंत फिरवली, आणि एंटूम्बडच्या १९९० च्या पहिल्या अल्बममधून स्वीडिश डेथ मेटलचा करवतीसारखा आवाज जगाने ऐकला. २०२१ साली बॉसला तोच पेडल नव्या रूपात बाजारात आणावा लागला. अस्सलपणाचा शिक्का हा असा नेहमी मागाहून बसतो.

६/
मुंबईला तर हे कोणी शिकवायलाच नको. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ‘ताईशोगोतो’ हे तंतुवाद्य तयार झाले. भारतात ते बुलबुलतरंग झाले, आणि कोकण-मुंबईत त्याला पिकअप बसून झाला ‘बँजो’. गणपतीच्या मिरवणुकीत भोंग्यांतून फाटत येणारा तो धातूच्या तारांचा आवाज ज्याच्या कानात आहे, त्याला डिस्टॉर्शन परके नाही. बँजो पार्टीला तिचे वाद्य मुळात जपानी आहे म्हणून नकली ठरवण्याचे धाडस कोणी करत नाही. मेटल वाजवणाऱ्या पोरांच्याच वाट्याला ही तपासणी का यावी?

७/
१९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झाला आणि धोबी तलावचे खुले रंगभवन मुंबईच्या रॉकचे माहेर ठरले. तो काळ जबर आयातशुल्काचा. परदेशी अँप्लिफायर ही बहुतेकांसाठी चित्रात पाहायची वस्तू होती. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय व न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि महाविद्यालय व रुग्णालय यांच्या शेजारचे रंगभवन मुके झाले.

८/
डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड २००० साली स्थापन झाला, भयानक मौत २००३ साली. म्हणजे मुंबईच्या मेटलची ही पिढी उभी राहिली ती हक्काचा रंगमंच निसटत असताना. एका संध्याकाळी चार-पाच बँड, मंचावर मिळेल तो अँप्लिफायर, बदलासाठी जेमतेम काही मिनिटे. अशा शहरात खांद्यावरच्या पिशवीत मावणारा आवाज ही चैन नव्हे. ती वाजवण्याची पूर्वअट आहे.

९/
तरीही प्रोसेसरवाल्यांना निर्दोष सोडता येणार नाही. त्यांच्या यंत्राची बदनामी बरीचशी त्यांनीच ओढवून घेतली आहे. घरी हेडफोन लावून गेन शेवटपर्यंत, बेस आणि ट्रेबल भरपूर, मिड शून्याजवळ. खोलीत हा आवाज राक्षसी वाटतो आणि मंचावर ड्रम सुरू होताच गिटार नाहीशी होते. दोष यंत्राला लागतो.

१०/
कारण १९३३ सालीच फ्लेचर आणि मन्सन यांनी मांडले होते: आवाज हळू असताना कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते उसळतात. म्हणून पॅच मंचाच्या पातळीवर, उभे राहून, बँडसोबत लावावा. गेन घरच्यापेक्षा कमी, मिड पुढे. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून बास गिटार आणि बास ड्रमला मोकळा सोडावा.

११/
सर्वांत मोठी चूक कॅबिनेट सिम्युलेशनची. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढचे फारसे वाजवत नाही. डिस्टॉर्शनची किरकिर तोच गाळतो. थेट मिक्सरमध्ये जायचे तर सिम्युलेशन चालू हवे, नाहीतर माशांचा थवा ऐकू येतो. खऱ्या कॅबिनेटमध्ये जायचे तर ते बंद हवे, नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन घोंगडीखाली जातो. नॉइज गेट थांबे स्वच्छ करण्याइतकाच. लांबणारा सूर त्याने गिळू नये. आणि सर्व पॅचची पातळी आधीच जुळवलेली असावी.

१२/
विरोधकांचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. पाठीमागे उभ्या कॅबिनेटने हवा ढकलली की तार आपोआप गुंजत राहते, वादकाच्या अंगाला तो धक्का जाणवतो. मिक्सरमध्ये गेलेला प्रोसेसर हे सहजी देत नाही. पण हा वादकाच्या सुखाचा मुद्दा आहे. श्रोत्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाच्या अस्सलपणाचा निवाडा त्यावरून होत नाही.

१३/
८ डिसेंबर २०१३ रोजी मेटालिका अंटार्क्टिकाच्या कार्लिनी तळावर वाजवली. तिथल्या पर्यावरणाच्या काळजीपोटी श्रोत्यांनी तो कार्यक्रम हेडफोनवर ऐकला, आणि गिटारचा आवाज येत होता अ‍ॅक्स-एफएक्स या प्रोसेसरमधून. पुढच्या दौऱ्यांतही त्यांनी तोच मार्ग धरला. जे मेटालिकाला शोभले, ते मालाडच्या मुलाने केले की ‘जुगाड’ ठरते. हा भेद कानाचा नसून ऐपतीचा आहे.

१४/
‘अस्सल’ हा शब्द संगीताच्या इतिहासात बहुधा पहारेकऱ्याचे काम करतो: कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे. त्याला विचारायचा प्रश्न एकच: हा नियम कोणाच्या खिशाला सोयीचा आहे? मार्व्याच्या धक्क्यावर पाठीला गिटार आणि पिशवीत प्रोसेसर घेऊन उभा असलेला वादक आयोमीच्याच परंपरेतला आहे. हाताशी असेल त्यातून आवाज घडवणे, हीच मेटलची सर्वांत जुनी रीत. (समाप्त)