दाद कुणाकडे मागायची?

१९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, अशी ती गोष्ट. एका गृहस्थांना ती अश्लील वाटली आणि त्यांनी भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली फिर्याद केली. मुद्रक-प्रकाशक, लेखक, इतकेच काय, अंक विकणारे विक्रेतेही आरोपी झाले. मॅजिस्ट्रेटने सगळ्यांना सोडले. उच्च न्यायालयाने मात्र लेखकाला दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. पंचवीस रुपये भरून काकोडकरांना मोकळे होता आले असते, पण ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

ऑगस्ट १९६९ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांनी कथानक निकालपत्रात मांडले, आक्षेप घेतलेले उतारे तपासले आणि अखेर सांगितले की कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, पण ती अश्लील नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मराठी दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी एवढा वेळ दिला. अश्लीलतेच्या कायद्याबद्दल आमच्या मनात कधीच प्रेम नव्हते. एका कथेपायी माणसाने सात वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही शिक्षाच होती. तरीही फिर्याद कुणी केली, कोणत्या ओळींवर केली, निकाल कुणी दिला आणि का दिला, हे सारे कागदावर आहे. आजही कुणालाही ते काढून वाचता येते.

त्याआधी रघुनाथ धोंडो कर्वे होऊन गेले. गणिताच्या या प्राध्यापकाने जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. जे प्रश्न घरात काढायची सोय नव्हती आणि डॉक्टरांपुढेही तोंडातून निघत नसत, ते वाचक पत्रातून विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. लाजेपायी किंवा भीतीपायी न बोलले जाणारे बोलायला माणसाला एक जागा लागते, हे त्या पत्रांवरून कळते. 'समाजस्वास्थ्य'च्या पानांवर ती जागा होती.

ती पत्रे आता इंटरनेटवर लिहिली जातात, आणि तिथे काय होते हे कळण्यासाठी 'टम्बलर' या संकेतस्थळाची हकिकत सांगायला हवी. चित्रकार, कथा लिहिणाऱ्या बायका, आपल्या लैंगिकतेविषयी घरी ब्र काढू न शकणारी समलिंगी आणि तृतीयपंथी मुले अशा कितीतरी जणांनी तिथे आपापले कट्टे जमवले होते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. देहविक्रयाला मदत होईल असा मजकूर राहिला तर त्याची जबाबदारी संकेतस्थळांवरही यावी, असा त्याचा रोख होता. नोव्हेंबरमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे सापडल्यामुळे ॲपलने 'टम्बलर'चे ॲप आपल्या दुकानातून काढले. ३ डिसेंबरला कंपनीने जाहीर केले की १७ डिसेंबरपासून प्रौढ मजकूर बंद. चौदा दिवसांची मुदत. नग्नता हुडकायचे काम यंत्राला दिले गेले, आणि यंत्राच्या जाळ्यात अंगभर कपडे घातलेली माणसेही सापडली. २०१३ मध्ये ११० कोटी डॉलरला विकली गेलेली ही कंपनी २०१९ मध्ये, बातम्यांनुसार, ३० लाखांहूनही कमी डॉलरला गेली. सदस्य पांगले. कुणी ट्विटरवर गेले, कुणी छोट्या नव्या जागा शोधल्या, कुणी लिहिणेच सोडले. गाव उठले की सगळे पुन्हा एका ठिकाणी जमत नाहीत.

'टम्बलर'च्या नव्या मालकांनी २०२२ मध्ये स्पष्टच लिहिले की जुने दिवस परत आणणे आता शक्य नाही, कारण क्रेडिट कार्ड कंपन्या आणि ॲपची दुकाने ते चालू देणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये 'इच डॉट आयओ' या संगणकीय खेळ बनवणाऱ्या छोट्या निर्मात्यांच्या संकेतस्थळाने पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली सगळा प्रौढ मजकूर एकदम शोधयादीतून काढला. ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत दिसेनाशी झाली, त्यांनी कुणाविरुद्ध उभे राहायचे? कार्ड कंपनीला कुणी निवडून दिलेले नाही, आणि आपल्या निर्णयाची कारणे लिहून देण्याचे बंधनही तिच्यावर नाही.

नग्नता हुडकणाऱ्या यंत्राला काय दिसते, हे दिवाळी अंकांच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. १९५१ पासून मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने दोन पिढ्यांना खिडकीचित्रांची सवय लावली. पानाला पाडलेल्या खिडकीतून भलतेच काही दिसते, पान उलटले की साधेसुधे चित्र निघते. सारी गंमत पान उलटण्यात. यंत्र खिडकीपाशीच थांबते. पानामागे कुणाची कथा आहे, कोणते शिल्प आहे की स्तनाच्या कर्करोगाची माहिती आहे, हे त्याला कळत नाही. अवतीभवतीचे सगळे पाहून अर्थ लावणे हे माणसाचे काम, आणि ते करायला पगार द्यावा लागतो.

आपल्याकडे ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करायला सांगितली. यादीत एक निव्वळ विनोदी संकेतस्थळही होते. ओरड झाल्यावर चारपाच दिवसांत सरकारने पाऊल मागे घेतले. त्या गोंधळात निदान यादी लोकांपुढे आली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली जे आदेश निघतात, ते नियमानेच गोपनीय असतात. आपले लिखाण का अडवले हे लेखकाला बहुतेकदा कळत नाही, आणि कारणच ठाऊक नसेल तर युक्तिवाद कशाचा करायचा?

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. लहान मुलांच्या शोषणाची चित्रे आणि संमतीवाचून पसरवलेली खासगी छायाचित्रे यांना कुठेही थारा नको. त्यावर मुक्त अभिव्यक्तीची ढाल धरणाऱ्यांशी आमचे काही नाते नाही. २०२१ मध्ये नियम आले तेव्हा अशा खासगी छायाचित्राची तक्रार आली की चोवीस तासांत ते हटवावे लागे. जिचे छायाचित्र कुणी सूडाने पसरवले, तिच्यासाठी चोवीस तासही फार होते. म्हणूनच स्वखुशीने लिहिलेली शृंगारकथा आणि गुन्ह्याचा पुरावा एकाच सुपात घोळण्याची आम्हाला चीड येते. त्यात कथा जाते आणि गुन्हेगारामागे लागायची शक्तीही वाया जाते.

यातून मार्ग काढणारी माणसेही आहेत. २००७ च्या मे महिन्यात 'लाइव्हजर्नल' या ब्लॉगच्या संकेतस्थळाने शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. खात्यावर नोंदवलेल्या आवडीनिवडींच्या यादीतले शब्द पाहून हे केले गेले. त्यात नाबोकोव्हच्या 'लोलिता'वर चर्चा करणारा गट गेला आणि लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांचे गटही गेले. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत दिली, पण विश्वास उडाला होता. तिथल्या लेखक-वाचकांनी, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या, ठरवले की आता जागाही आपली आणि संगणकही आपले. त्याच वर्षी त्यांनी संस्था काढली आणि २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा इंटरनेटवरचा कथासंग्रह खुला केला. जाहिराती नाहीत, सगळे देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर. प्रौढ कथा असेल तर दारातच तशी सूचना असते. वाचायचे की मागे फिरायचे हे वाचक ठरवतो. २०१९ मध्ये या संग्रहाला ह्युगो पुरस्कार मिळाला, तर २०२० मध्ये चीनने आपल्या देशात हा संग्रह बंद केला. पण उद्या एखाद्या कंपनीची मर्जी फिरली म्हणून तो उठणार नाही.

मराठी दिवाळी अंकही याच जातीचा आहे. मालक बहुधा कुणी मोठा नसतो. वर्गणीदार आणि गावोगावचे जाहिरातदार त्याला जगवतात. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छापल्याचे ठिकाण अंकात असते. त्या ओळीकडे कुणी पाहत नाही, पण आक्षेप असणाऱ्याला नेमक्या माणसाचा दरवाजा ठोठावता येतो तो तिच्यामुळे. मराठी लेखकांनी आपली पाने आता ॲपवर आणि समाजमाध्यमांवर नेली आहेत, आणि त्याला आमची ना नाही. मात्र लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. खाते बंद झाले तर कारण लेखी मागा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने तक्रार अपील समित्या नेमल्या आहेत, त्यांच्याकडे जा. फार थोड्यांना त्या माहीत आहेत.

यंदाच्या अंकात दोन कथा अशा आहेत की त्या वाचून काही वाचक रागावतील. आम्ही त्या पूर्ण वाचून, वाद घालून छापल्या आहेत आणि लेखिकांनी टोपणनाव घेतलेले नाही. आपला आक्षेप असेल तर सहीनिशी पाठवा. कोणते वाक्य, का खटकले, ते लिहा. प्रत्येक पत्राला संपादक स्वतः उत्तर देतील, आणि पत्र व उत्तर दोन्ही पुढच्या अंकात छापू.