नकाशा बरोबर, कागद चुकीचा

धाटाव (ता. रोहा), विशेष प्रतिनिधी - कुंडलिकेच्या काठी वसलेल्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचे प्राबल्य आहे. अशा ठिकाणी नकाशा हा केवळ बांधकाम परवानगीपुरता विषय राहत नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने १९८९ मध्ये केलेल्या नियमांनुसार, ठरावीक मात्रेपेक्षा अधिक धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा लागतो. टाक्या, अग्निशमनाचे नळ आणि बाहेर पडण्याच्या वाटा दाखविणारा नकाशा हा त्याचा कणा. वीज गेल्यावर हाती उरतो तो भिंतीवरचा कागद. आणि गफलत होते ती संगणकातून कागदावर उतरतानाच.

ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेला. मात्र त्याची 'डीडब्ल्यूजी' फाइल म्हणजे छापील नकाशा नव्हे. तिच्यात रेखाटन बहुधा प्रत्यक्ष मापात असते. कागदावरचे प्रमाण छपाईच्या वेळी ठरते. रेषांची जाडी ठरविणारी फाइल निराळी, फॉन्ट निराळे, जोडलेले नकाशेही निराळे. केवळ मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन प्लॉटरवाल्याकडे गेले, की ही सारी मंडळी मागेच राहतात. पाइपलाइनचा जोडनकाशा गळाला तरी उरलेले चित्र नीटनेटकेच दिसते, हा खरा धोका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी सूचनांच्या जागी तर रोमन अक्षरांची खिचडी उमटते.

म्हणून छपाईयोग्य स्वरूपात रूपांतर करावे लागते. 'पीएलटी' फाइल प्लॉटरच्या भाषेत असते. यंत्र बदलले की तिचा भरवसा नाही. 'टिफ'मध्ये रेषांचे ठिपके होतात. ८४१ बाय ११८९ मिलिमीटरच्या ए-० कागदाला ६०० डीपीआयने सुमारे ५६ कोटी ठिपके लागतात; ते कमी केले की बारीक आकडे पुसट होतात. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली 'पीडीएफ' त्यातल्या त्यात सोयीची. रेषा रेषाच राहतात, फॉन्टही आत सामावता येतात.

तरीही दुकानात 'फिट टू पेज'ची एक कळ घात करते. ए-० चा नकाशा ए-१ वर बसविला, की १:१०० चे प्रमाण सुमारे १:१४१ होते. कोपऱ्यातील मजकूर मात्र १:१०० असाच राहतो. दोन टाक्यांतील १५ मीटरचे अंतर पट्टीने मोजणाऱ्याला साडेदहा मीटर वाटते. प्लॉटर चालविणाऱ्याला याचा दोष देणे सोपे आहे, पण टाकी कोणती आणि नळ कोणता हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्याने नकाशा काढला, तो छपाईच्या वेळी क्वचितच हजर असतो.

यावर महागडी यंत्रणा लागत नाही. नकाशातच आलेखी मोजपट्टी रेखाटली, तर कागदाबरोबर तीही आकसते. शेजारी १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवून छापील प्रतीवर ती मोजायला अर्धा मिनिट पुरतो. हे मोजल्याशिवाय प्रत भिंतीवर लावायची नाही, असा दंडक कारखान्याचा सुरक्षा अधिकारी आजही घालू शकतो.