न सांगितलेले दुखणे

‘अंगावरून पांढरे जाते’ एवढे एक वाक्य डॉक्टरांपुढे उच्चारावयास आमच्या घरांतील स्त्रियांना वर्षे लागतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे तर भाषेचाही संकोच आड येतो. माहेरच्या बोलीत आईपाशी जे सांगता येते, ते ‘सफेद पानी’ म्हणून परक्यापुढे सांगणे जड जाते.

या तक्रारीच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे ‘ट्रायकोमोनास’ हा एकपेशीय परजीवी. पॅरिसच्या आल्फ्रेद दॉने यांनी तो १८३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो शरीरसंबंधातून पसरतो. २०२० या एका वर्षात जगात सुमारे १५ कोटी ६० लाख स्त्री-पुरुषांना त्याची नव्याने लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दुर्गंधीयुक्त हिरवट-पिवळा स्राव, खाज, लघवीची जळजळ ही त्याची लक्षणे. परंतु बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पुरुषांना तर क्वचितच. गरोदरपणी मात्र या संसर्गाचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळतो, आणि एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही त्याने वाढतो.

तक्रार नाही म्हणजे रोग नाही, हे गृहीतच आम्हांस मान्य नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या शंभरात आठही नव्हत्या!

सरसकट सर्व स्त्रियांची या परजीवीसाठी चाळणी करावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. एचआयव्हीबाधित स्त्रियांची मात्र दरवर्षी करावी, असे अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र सुचविते. त्रास असेल त्या प्रत्येकीने तपासून घ्यावे. काचपट्टीवरचा ओला नमुना तत्काळ पाहावा लागतो, आणि तरीही पुष्कळ बाधित त्यातून निसटतात. जनुकीय चाचणी कितीतरी अधिक भरवशाची, पण ती सर्वत्र मिळत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली म्हणजे हीही झाली, असे समजू नये.

निदान झाल्यावर घरात जे घडते, त्याची आम्हांस खरी चिंता वाटते. हा संसर्ग महिनोन् महिने, कधी त्याहूनही दीर्घकाळ, निमूटपणे राहू शकतो. म्हणून तो केव्हा, कोणाकडून आला हे चाचणी सांगत नाही. सुनेवर बोट रोखणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. डॉक्टरी सल्ल्याने घेतलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांनी तो बहुधा बरा होतो. मात्र पतीनेही त्याच वेळी उपचार घेतले पाहिजेत, आणि दोघांचे औषध पुरे होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध टाळले पाहिजेत. नाहीतर तो पुन्हा जडतो. तीन महिन्यांनी स्त्रीने फेरतपासणी करून घ्यावी.