अंगणात बिबट्या, हातात मोबाइल

पोरांचा मोबाइल सुटावा म्हणून तज्ज्ञ सांगतात, त्यांना मैदानावर पिटाळा. हा सल्ला शिरूरच्या ऊसपट्ट्यात देऊन पाहावा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने आधी पाच वर्षांची मुलगी नेली, मग तेरा वर्षांचा मुलगा. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. दौंडच्या भीमाकाठीही उसाला तोटा नाही, बिबट्याच्या धास्तीलाही नाही. अशा गावात तिन्हीसांजेला गोठ्यात धार काढायला जाताना दाराला कडी घालून लेकराच्या हाती मोबाइल देणारी आई बेफिकीर नसते. पोर घरात बसावे, एवढीच तिची धडपड. तिला ‘स्क्रीन टाइम’वर व्याख्यान झोडणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही.

मग मोबाइल सुटावा कसा? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना सरसकट मोबाइलबंदी केली. बातमी गाजली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने मात्र वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. खरी गोम इथे आहे: बान्सीचा नियम पोरांपुरता, वडगावचा थोरांनाही. आजीची मालिका आणि बापाचे रील्स चालू ठेवून पोराला ‘पुस्तक उघड’ म्हणायची सोय त्यात नाही. शिवाय हे सारे दाराआड होते, म्हणजे पिंपरखेडलाही जमण्याजोगे.

दीड तासानंतर मोबाइल पुन्हा हातात येणारच, तर तो वापरायला शिकवावा. शिरूर तालुक्यातल्याच वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने मुलांच्या हाती अभ्यासासाठी टॅब दिले आणि शाळेचे नाव राज्यभर झाले. घरच्या धड्यासाठी तर बिबट्याच पुरेल. पिंपरखेडच्या घटनांच्याच काळात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुणे परिसरात ‘एआय’ने बनवलेली बिबट्याची चित्रे फिरली, लोक घाबरले. भावकीच्या ग्रुपवर असली चित्रे कोण टाकतो, हे ज्याने त्याने आठवावे. यापुढे ‘बिबट्या आला’चा व्हिडिओ आला की पुढे ढकलण्याआधी बापाने पोराला शेजारी बसवावे आणि दोघांनी मिळून तपासावे: कुठला, कधीचा, वन विभाग काय म्हणतो? पाचवीतल्या पोराला हे बापाआधी जमेल.