टांगत्या कुंडीसाठी शेताची माती विकू नये

गेल्या वैशाखात मुंबईस साकीनाक्याला भगिनीच्या घरी जाण्याचा योग आला. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतील बाजूस, कारखान्यांच्या पत्र्यांना लागून असलेल्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर तिचे बिऱ्हाड आहे. खाली कुंडी ठेवावयास वीतभर जागा नाही. म्हणून सज्जाच्या तुळईला तिने सहा टोपल्या टांगल्या असून त्यांतून मनीप्लांट, ऑफिसटाइम, पानओवा अशा लोंबत्या वनस्पती खाली सोडल्या आहेत. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात दुधातुपाचे शिंके टांगलेले असे. त्याच युक्तीने शहरातील माणूस आज अधांतरी बाग करतो आहे.

त्या दिवशी नव्या टोपलीसाठी तिने ‘कोकणची लाल माती’ म्हणून एक गोणी विकत आणविली होती. ती परातीत ओतताच ढेकळांबरोबर भाताची धसकटे बाहेर पडली. विळ्याने कापल्याची खूण त्यांवर स्पष्ट होती. म्हणजे ही माती कोणा डोंगरउताराची वा पडीक जागेची नव्हती. कोणातरी शेतकऱ्याच्या खाचरातील वरचा थर खरवडून ती गोणीत भरली गेली होती. कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसास हे दृश्य सुखाचे वाटणे शक्य नाही.

या व्यवहारात दोन्ही पक्षांची हानी आहे, हेच मला येथे मांडावयाचे आहे. प्रथम घेणाऱ्याचे पाहू. दहा इंच व्यासाच्या अर्धगोल टोपलीत सुमारे चार लिटर मिश्रण मावते. ओली माती लिटरला पावणेदोन किलोपर्यंत भरते. तेव्हा रोप व टोपली सोडूनच सात किलोंचा भार एका खिळ्यावर लटकतो, आणि खालून लोकांची ये-जा चालू असते. याशिवाय शेतात जी माती उत्तम ती टोपलीत उत्तम ठरत नाही. शेतात तिला गांडुळे, मुळ्या आणि नांगर मोकळी ठेवतात. टोपलीत रोजच्या पाण्याने ती दडपते, मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाने सुकली की तिचा गोळा कडेपासून सुटून पाणी बाजूने वाहून जाते. सहापैकी दोन टोपल्यांतील वेल पिवळे पडले होते. खताची उणीव असावी असे भगिनीस वाटत होते. मुळे उपटून पाहता ती कुजलेली निघाली.

आता देणाऱ्याचे. एक एकर रानावरील एक इंच जाडीचा थर म्हणजे सुमारे शंभर घनमीटर माती. ती भरण्यास काही मालमोटारी पुरतात आणि काम दोन-चार दिवसांत उरकते. तोच इंच निसर्गास पुन्हा घडविण्यास शतके लागतात. कोकणात तर खाली लगेच जांभा लागतो, म्हणून गेलेल्या इंचाची भरपाई खोल नांगरून करता येत नाही. पिकाचे अन्न व सेंद्रिय अंश बहुतांशी वरच्याच थरात असतो. तो गेल्यावर खतावर होणारा जादा खर्च मातीच्या किमतीतून वजा करून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. व्यापारासाठी माती उचलण्यास महसूल खात्याची परवानगी लागते ही गोष्ट वेगळीच. पण मला येथे कायद्याचा धाक दाखवावयाचा नाही.

वैशाखात हाती रोख पैसा नसतो, बियाणे घ्यावयाचे असते, आणि मोटारवाला बांधावर उभा राहून नोटा मोजतो. अशा वेळी ‘विकू नका’ एवढेच सांगणारा अधिकारी शेतकऱ्यास परकाच वाटणार. त्यात त्याची चूक नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मातीऐवजी काय विकता येईल हेही त्याच्यासमोर ठेवले पाहिजे. टोपलीत जे लागते ते जवळजवळ सर्व आपल्या वाडीत निघते व त्यात शेताची माती लागत नाही. नारळाच्या सोडणाचा भुसा, ज्यास बाजारात कोकोपीट म्हणतात, दोन भाग. कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळखत एक भाग. आणि भातगिरणीवरील तूस अर्धवट जाळून केलेला काळा कोळसा एक भाग. हे मिश्रण पाणी पिऊनही मातीच्या निम्म्याच्या आसपास भरते. भुसा मात्र गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावा, कारण खाडीच्या पाण्यात भिजविलेल्या सोडणात क्षार राहतात व कोवळी मुळे जळतात. राब भाजण्यासाठी जो पाला आपण दरवर्षी जाळतो, त्यातील थोडा खड्ड्यात कुजविला तरी पानखताची सोय होते.

मिश्रणापेक्षाही रुजलेले रोप विकणे अधिक किफायतीचे, असे माझे मत आहे. मनीप्लांटचा दोन पेरांचा तुकडा सावलीत, ओलसर भुशात लावला असता पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतो. पानओवा, ब्राह्मी व ऑफिसटाइम यांचेही छाट सहज रुजतात. ऑफिसटाइमला भरपूर ऊन हवे, ब्राह्मीला सतत ओल हवी. गिऱ्हाइकास हे सांगून विकावे म्हणजे ते पुन्हा येते. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जे क्लोरोफायटम शहरात घरोघरी टांगलेले दिसते, ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. त्याच्याच कुळीतील आपल्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव साकीनाक्यापासून काही मैलांवरील बोरिवलीवरून पडले आहे, ही गोष्ट मुंबईकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. क्लोरोफायटमच्या लोंबत्या दांड्यांवर पिले धरतात. ती तोडून लावली की झाले.

या धंद्यात किती सुटेल, असे विचारणाऱ्यास मी ठोक आकडा सांगत नाही. सावलीची जाळी, रोजचे पाणी आणि पिठ्या ढेकणावर नजर एवढे जमत असेल, तरच यात पडावे. वसईची फुले रेल्वेने दादरला जातात तशी ही रोपे जाऊ शकतात. पण प्रथम शंभर-दोनशे रोपे करून एखाद्या शहरी रोपवाटिकेशी बोलणे करावे व मगच जाळी वाढवावी. मनीप्लांटच्या पानांत तोंडाची आग करणारे स्फटिक असतात, म्हणून छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नये.

बांबूची टोपली विकावयाची असल्यास आत काथ्याचे अस्तर द्यावे आणि ती एक-दोन पावसाळेच टिकते हे आधीच सांगावे. टोपलीखाली बशी बांधण्याची मागणी शहरातून नेहमी येते. बशीतील स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणून ती आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी लागते. आम्ही साकीनाक्याच्या सहाही बशा काढून टाकल्या. पाणी कमी पण दोन वेळा घालावे, असे ठरविले. कुजलेले दोन वेल नव्या मिश्रणात लावले. तेथे जळका तूस मिळाला नाही, तेव्हा जाडसर वाळू वापरली. मात्र ती पाव भागाहून कमीच ठेवली, कारण तिनेही वजन वाढते.